आत्यांचा गुडघा

२ नोव्हें., रविवार
सासूबाईंबरोबर, म्हणजे आत्यांबरोबर, वाशीहून तेरखेड्याच्या रस्त्याने पळायला जाऊन आले. आत्यांची साठी जवळ आली, दमछाक मात्र माझी. मी हौसेने मागवलेला पळण्याचा कमरेचा पट्टा पहिल्याच चढाला फिरून पोटावर आला, त्यातली पाण्याची बाटली ढुसण्या देत राहिली. आत्यांनी पानाची जुनी चंची झाडून कमरेला आवळलेली. एका कप्प्यात किल्ली, एकात गूळ-शेंगदाणे, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. काही म्हणजे काही हलत नाही. माझ्याकडे बघून, "बैलाला बी एवढं बांधत न्हाईत गं."

येडशीच्या शर्यतीचे छातीला लावायचे नंबर आले. रामलिंगच्या रस्त्यावर, दहा कि.मी. आत्यांनी आपला देवघरात ठेवलाय. जन्मभर शेळ्यांमागं चालल्या, स्वतःसाठी पळणं आत्ता कुठं. ही शर्यत त्यांना मिळायलाच हवी.

५ नोव्हें.
आत्या जिना आडव्या पावलांनी उतरतात. विचारलं तर "काय न्हाय झालं." गुडघा चांगला सुजलाय. पायात काटा मोडला तरी शेळ्या कोंडल्यावरच काढायचा, ही बाई दुखणं काय सांगणार! राग येतो आणि कौतुकही वाटतं.

८ नोव्हें., शनि.
धाराशिवला फिजिओकडे. दारात आत्यांनी बूट काढले, टाचेने टाच दाबून, नाडीला हात न लावता. डॉ. बघतच राहिले.
"मावशी, नाडी सोडत नाही?"
"वाटंत दोन मारुती, एक म्हसोबा. दर देवापुढं सोडत बसलं तर पळू कवा?"
दुकानात बांधलेल्या नाड्या, त्या तशाच. आणि मी इतके दिवस त्यांच्या बूट काढण्याच्या चपळाईवर फिदा! सैल बुटात टाच घसरते, दर पावलाला गुडघा ओढला जातो, म्हणाले. शिवाय वयाची झीज. मांडीचे व्यायाम, आठवडाभर नुसतं चालणं, मग हळूहळू पळणं. शर्यतीचं विचारलं. "दुखलं नाही तर पळा. पण दुखलं तर खरं सांगायचं." आत्या छताचा पंखा बघत होत्या.

१७ नोव्हें.
नाड्या आता घट्ट. दर देवापुढं आत्या पारावर बसतात, सोडतात, पाया पडतात, परत बसून बांधतात. माझी चुळबुळ चालू. "देवाला घाई न्हाय, मला न्हाय. तुलाच कुठं जायचंय?" मीही पारावर टेकले.

दूध तापेपर्यंत खुर्चीत बसून पाय वर धरतात. दूध दोनदा उतू गेलं, पाय खाली आला नाही. सूज उतरलीय. मला म्हातारपण यावं तर असं.

२३ नोव्हें., रविवार, येडशी
गाडीत बसून लिहितेय. लोक रांगेत उभे राहायला लागलेत. हे पिना आणायला गेलेत.

आत्ता आत्या म्हणाल्या, "रेखा, जरा दुखतंय."

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

"लई का?"
"लई न्हाय. पन हाय. तू म्हनशील तसं."

हे पिना घेऊन आले. आत्या रस्त्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतायत. पळा म्हणू, की थांबा?