दादाला होऊन गेला होता

तीर्थरूप आईस,
नाशिकहून तुझ्या तृप्तीचा नमस्कार.

हे आता बरे झालेत, दुधात भाकरी कुस्करून खातात. तू जेवतेस ना?

दादाला तूच पाठवलंस म्हणून रडत बसतेस, असं वहिनी म्हणाली. आई, बोलावलं मी होतं. कांजिण्या आल्या की आपल्याकडे आजाऱ्याजवळ ज्याला त्या होऊन गेल्यात तोच बसतो. दादाला कोरोना होऊन गेला होता, म्हणून ह्यांच्या उशाशी त्यालाच बसवलं. मास्क दिला तर म्हणाला, "मला कशाला? तू लाव." त्याला परत झाला आणि तो गेला.

काल शेजारचे ह्यांना म्हणाले, "तुम्हाला होऊन गेला, आता भीती नाही."

मी दाराला आतून कडी घातली, आई. अजून काढलेली नाही.

तुझी,
तृप्ती