बिलाशी कोण भांडते

बाबा, मागच्या महिन्यात आपल्या घराचं लाइटचं बिल अंदाजे आलं. रीडिंगवाला पोरगा आला तवा आईनं माकडांच्या भेवानं फाटकाले कुलूप लावून ठेवलं होतं. मीटर आतमधी, तो बिचारा पाहन कुठून? त्यानं घर बंद असा शेरा मारला आणि ऑफिसनं मागच्या सात-आठ महिन्यांची सरासरी काढून पाठवली. त्या मागच्या महिन्यांत मे होता, बाबा. चंद्रपूरचा मे! दोन्ही कूलर दिवसरात्र चालू होते. त्यात यंदा दर वाढले. म्हणजे थंडी पडली, पंखे बंद, आणि बिल असं आलं की आईनं ते उघडून पाहिलं आणि सरळ देवापुढं नेऊन ठेवलं. हे गेल्यापासून मी आईपाशीच राहते, तुम्ही रिटायर होऊन बांधलेल्या या घरात. ते तुम्हाले माहीत नाई. देवाकडून बिल कमी होत नाई हे मले माहीत होतं, म्हून ते उचलून मी चष्मा लावला.

तुमच्यासंग वीज प्लांटमधी होते ते काका अजून येतात, चहाच्या वक्ती बरोब्बर. दात गेले, पण आवाज तोच. मी त्यांच्यापुढं बिल टाकलं. ते म्हणाले, "आधी पाह्य, मीटर तं बरोबर आहे ना. घरचे सगळे बटनं बंद कर बाई, फ्रिज बी काढ. मंग मीटरवरचा लाल दिवा टिमटिमते का, ते पाहू." आम्ही सगळं बंद केलं आणि दोघं मीटरपुढं उभे. बराच वेळ काही नाई. मी म्हणणारच होती की झालं, तेवढ्यात तो एकदा टिमटिमला. काकाले जोर आला. "कुठीतरी चालू आहे! धुंड!" मी घरभर फिरली. न्हाणी, माळा, मागची खोली. शेवटी सापडलं. तुमच्या फोटोवरचा लाल बल्ब. तुम्ही गेले तवापासून तो दिवसरात्र जळते, आमच्या कोणाच्या लक्षातच नाई की त्यालेही बटन आहे.

मले हसू आलं. मी म्हटलं, "पाहा ना काका, बाबा असते तं हाही त्यांनी बंद केला असता. बिल, बिल करून जीव खात होते आमचा क्वार्टरमधी."

काका चहाचा कप हातात घेऊन माह्याकडं पाहातच राह्यले. "कोणतं बिल?"

"लाइटचं."

"काऊन मजाक करून राह्यली? ऊर्जानगरच्या आपल्या क्वार्टरले मीटर कुठी होतं? पगारातून ठरलेले पैसे कटत. एक बल्ब जाळा नाई तं दहा जाळा. माह्या घरी तं सैपाकच हीटरवर होये, सिलेंडर नावाले." मंग ते त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागले. मी हो हो म्हणत राह्यली. कप विसळताना माह्या हातून एक फुटला.

डोळे मिटले की आता मी बारावीत आहे, बाबा. सायन्स. जेवणं झाली की मी आतल्या खोलीत फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली आहे, आणि तुम्ही दारात येता. रागावत नाई. तुम्ही कधी रागावलेच नाई, तेच तं दुखणं आहे. हळूच बटनावर हात ठेवता आणि म्हणता, "पोरी, झोप आता. दोन-दोन खोल्यांत लाइट जाळला तं बिल कोण भरन?" टक् आवाज होते. समोरच्या खोलीत भाऊचा बल्ब चालूच. त्याचं दहावीचं वर्ष, एक बल्ब तं लागलाच पाह्यजे. मी म्हणते, मीही तिथंच बसते. तुम्ही म्हणता, त्याचं लक्ष उडते. मंग मी अंधारात पडून सूत्रं पाठ म्हणते, आणि खिडकीतून तुमचं पॉवर स्टेशन दिसते, सगळंच्या सगळं लखलखून राह्यलं आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्या अंधारात मी प्रत्यक्ष झोपली आहे. फिजिक्समधीच नापास झाली मी. निकालाच्या दिवशी तुम्ही डोक्यावरून हात फिरवला. "तुझा दोष नाई. घरची परिस्थितीच तशी." त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं. भाऊ इंजिनिअर झाला, चांगला झाला, त्याच्यावर माहा राग नाई.

लग्नात सगळ्यांनी भांडे दिले आणि तुम्ही दिला टेबल लॅम्प. हिरव्या टोपीचा. सासरी सगळे हसले, नवरी काय आता परीक्षेले बसते का म्हणून. मी मात्र तो पोटाशी धरून नेला. मले वाटलं, बापाले तवा जमलं नाई, म्हून आता देऊन राह्यला. त्या लॅम्पवर मी तुम्हाले माफ केलं, बाबा. किती वर्षं केलं! माह्या पोरीले त्याच्याखाली बसवून शिकवलं आणि सांगतलं, तुझ्या आजोबाजवळ पैसे नव्हते, नाई तं तुझी आई बी आज कुठी असती.

आणि मी मूर्ख तरी किती. हिवाळ्यात तुमच्या आंघोळीचं गंजभर पाणी हीटरवर तापे, रोज. त्याचं बिल येत नव्हतं का? शेजारच्या काकूचा वरणभात हीटरवर शिजे आणि मले वाटे, हे लोक श्रीमंत आहेत. सगळं डोळ्यापुढं होतं. पण बापाच्या शब्दावर कोण हिशेब करते?

तुम्ही खोटं काऊन बोलले, हे मले आता समजते. "पोरीले पुढं शिकवायचं नाई, नागपूरले पाठवायचं नाई," असं तोंडावर म्हणायची तुमची हिंमत नव्हती. चारचौघांत तुम्ही सुधारलेले. तसं म्हणाले असते तं मी भांडली असती, उपाशी राह्यली असती, आईले मधी घातलं असतं. तुम्हाले ते माहीत होतं. म्हून तुम्ही बिलाले पुढं केलं. बापाशी भांडता येते, बिलाशी कोण भांडते? दगा दिला तुम्ही. मारलं असतं तं चाललं असतं, पण मले समजदार करून फसवलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेली. रांगेत उभी राह्यली, खिडकीवरच्या पोरीले मीटरचा फोटो मोबाइलवर दाखवला. मी एवढ्या जोरात बोलली की मागचे लोक चूप झाले. तिनं काहीच वाद नाई घातला. फोटो पाहिला, आकडे टाकले, म्हणे, "काकू, एवढं काऊन चिडता? दुरुस्त होते ना." आणि नवीन बिल हातात दिलं. दर वाढलेलेच, पण मे त्यातून गेला. मी बाहेर येऊन ऑटोवाल्यासमोर रडली. एवढं सोपं होतं, बाबा. बिलाशी भांडता येते. फक्त बिल असावं लागते.

हे पत्र पाठवू कुठी? वाचून दाखवायचं तं जगात एकट्या आईलेच दाखवता येईन, आणि ते माह्यानं होत नाई. तिले हे माहीत होतं का, तेही मी विचारलं नाई. तिनं हो म्हटलं तं मी कोणापाशी राहू?

एक सांगायचं राह्यलं. तुमच्या फोटोवरचा बल्ब मी त्या दिवशी बंद केला तो परत लावला नाई. संध्याकाळी आई दिवा लावायले आली, फोटोपुढं थांबली, म्हणे, "हा काऊन विझला वं?" खरं माह्या जिभेवर आलं होतं. पण मी हळूच म्हटलं, "आई, बिल लई येऊन राह्यलं ना."

तिले लगेच पटलं.