जुनं कडधान्य

आई, मी नापास झाले. पन्नाशीला टेकले आणि नापास झाले, आणि हे सांगायला सगळ्यात आधी तूच आठवलीस. आमच्या हिंजवडीच्या कंपनीने नव्या कामासाठी एक परीक्षा ठेवली आहे. पास झालात तर नव्या कामावर, नाहीतर. त्या 'नाहीतर'च्या पुढचं कोणी बोलत नाही. माझा मॅनेजर माझ्याहून बराच लहान आहे, पण स्वभावाने चांगला. म्हणाला, "मॅम, टेन्शन नका घेऊ. अजून एक अटेम्प्ट आहे ना. त्यानंतर बघू." आता 'बघू' म्हणजे काय, हे शनिवार पेठेत संसार केलेल्या बाईला मी सांगायला नको. नोकरी गेली तर घरात चूल पेटायची थांबणार नाही, तेवढं बरं चाललंय आमचं. पण जिथे इतकी वर्षं ताठ मानेने काम केलं, तिथून नापास होऊन बाहेर पडायचं हे मला सहन होणार नाही. राजीनामा देऊन गेले असते तर गोष्ट वेगळी होती.

पहिल्या वेळी मी बाबांच्या पद्धतीने अभ्यास केला होता. बाबा म्हणायचे ना, अभ्यास म्हणजे बैठक, एकदा बसलं की उठायचं नाही. मी रजा काढली आणि विश्रांतवाडीच्या या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी सकाळपासून ठाण मांडून बसले. डोळे लॅपटॉपवर आणि मन कंपनीच्या बसमध्ये. वाचलेलं पान परत वाचायचं, परत विसरायचं, आणि उठायचं मात्र नाही, कारण उठलं तर बैठक मोडेल. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माझ्या मुलीने, जी तू गेल्यावर झाली आणि तू पाहिली नाहीस, माझा फोन ओढून घेतला. "आई, तू ब्रेकच घेत नाहीयेस. असं केलं तर ब्रेन फ्राय होतो गं." तिने फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. त्यात एक टोमॅटो असतो. तो पिकेपर्यंत फक्त अभ्यास, फोनला हात नाही. पिकला की सुट्टी. असं करून आख्खं कॉलेज पास होतं म्हणे. मला हसू आवरेना. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी म्हटलं, "तुझ्या आजीकडे टोमॅटो नव्हता, मटकी होती." मग तिला तुझ्याबद्दल सांगायला बसले, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

माझं दहावीचं वर्ष. आपल्या दोन खोल्या आणि समोरची सामाईक गॅलरी. तू देवापुढच्या पुड्यातली एक उदबत्ती घेतेस, कटकन मोडतेस, आणि अर्धी माझ्यापुढे तांदळाच्या वाटीत खोचतेस. "देवाला अख्खी, अभ्यासाला अर्धी. ही संपेपर्यंत मान वर करायची नाही. संपली की उठायचं." मी म्हणते, गणित अर्ध्यावर आलंय. तू म्हणतेस, "असू दे. ताटावरून अर्ध्यात उठू नये, गणितावरून उठावं. परत यायला कारण राहतं." आणि सुट्टीत वाचायचं नाही, गोष्टीचं पुस्तकसुद्धा नाही. गॅलरीत जायचं, सागरगोटे खेळायचे, नाहीतर नुसतं उभं राहायचं. "मटकी भिजत घातली की सारखी झाकण काढून बघतेस का तू? मोड यायचे तर तिला जरा एकटं सोडावं लागतं." बाबा पेपराआडून म्हणायचे, "उत्तम. म्हणजे आपल्या मुलीच्या अभ्यासाचं भिजत घोंगडं झालं." तू त्यांना उत्तर द्यायची नाहीस. तुझं उत्तर न देणं हेही पुण्यातलंच होतं.

एक गोष्ट मात्र तू प्रत्येक वेळी बजावायचीस. उठताना पुस्तक मिटायचं नाही, होतं तिथे उघडं ठेवायचं. मी बाहेर गेले की तू पदराला हात पुसत येऊन माझ्या जागेवर बसायचीस. मला वाटायचं तू माझी वही तपासतेस. कधी आतूनच हाक मारायचीस, "काय गं, वर्गसमीकरण म्हणजे नेमकं काय? मला समजावून सांग बघू, म्हणजे तुझं पक्कं होईल." मी सागरगोटे झेलत झेलत दारातून सांगायची. तू म्हणायचीस, "नाही कळलं, परत सांग, सावकाश." मी वैतागायची, पण सांगायची. त्या वर्षी गणितात मला जे मार्क पडले ते त्या 'परत सांग'मुळे पडले, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग माझा निकाल लागला. पेढे वाटून झाले, आणि शेजारच्या काकू त्यांच्या मुलासाठी माझी पुस्तकं मागायला आल्या, तशी तेव्हा रीतच होती. तू म्हणालीस, "यंदा नाही देता यायची. मला लागणार आहेत." काकू गेल्यावर बाबांनी पेपर खाली केला.

"कशाला लागणार आहेत? रद्दीचा भाव वाढणार आहे का?"

"सतरा नंबरचा फॉर्म भरतेय. दहावीला बाहेरून बसणार आहे."

नववीतून तुझी शाळा सुटली होती आणि त्याच उन्हाळ्यात तुझं लग्न लागलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे तुला काही हवं असेल, असा विचार मी केला नव्हता. बाबांनीही केला नसावा. त्यांनी पेपराची घडी घातली. "आणि अभ्यास कधी करणार?"

"निम्मा झालाय. हिच्या मधल्या सुट्टीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला, फार वाईट केला, आणि पुढेही रोज तसाच वाईट करत राहिले. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. घरात पुस्तकांचा संच एकच, आणि दिवसभर तो माझ्या ताब्यात. माझी सुट्टी म्हणजे तुझी पाळी होती. तू मला नियमाने उठवायचीस ते माझ्या भल्यासाठी होतं हे खरंच आहे, पण त्यात तुझाही थोडा स्वार्थ होता हे कळलं तेव्हा मला तू एकदम फार आवडलीस. आईला स्वार्थ असू शकतो, ही मला तेव्हा नवीनच बातमी होती.

तू सगळ्या विषयांत निघालीस आणि इंग्रजीत राहिलीस. गुणपत्रिका हातात घेऊन तू गॅसपाशी उभी होतीस. मला वाटलं आता रडशील. तू म्हणालीस, "जुनं कडधान्य आहे. जरा जास्त भिजवावं लागेल." आणि कुकर लावलास.

दुसऱ्या खेपेला उदबत्ती मी लावायची. तू मान मोडून इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करायचीस आणि उदबत्ती विझली की उठून थेट कणकेच्या परातीकडे जायचीस. एक दिवस मी तुझा हात धरला. म्हटलं, "ही काही सुट्टी नव्हे. गॅलरीत जा आणि नुसती उभी राहा. पोळ्या मी बघते." तू गेलीस. मी दारातून बघत होते. तू आधी कठडा पुसलास. मग दोरीवरचे वाळलेले कपडे ओढायला लागलीस, ते मी येऊन तुझ्याकडून काढून घेतले. मग तू खरंच नुसती उभी राहिलीस. इतकी वर्षं मी तुला पाहत होते, पण हातात काही नसलेली तू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुझे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि त्यांच्यामुळे तू अवघडून गेली होतीस. माझ्याकडे वळून तू अगदी खऱ्या अडचणीत असल्यासारखं विचारलंस, "हातांचं काय करू गं?"

मी तेव्हा हसले, तूही हसलीस. इंग्रजी सुटलं तुझं. पुढे कधीतरी जनगणनेचे मास्तर आले आणि त्यांनी तुझं शिक्षण विचारलं, तेव्हा तुझ्या आधी बाबाच म्हणाले, "दहावी. आणि ते बाहेरून वगैरे लिहू नका. घरातूनच दिली आहे तिने." तू आत जाऊन डबे नीट लावत बसलीस. तुला फार आनंद झाला की तू डबे लावायचीस.

तर आता माझी दुसरी खेप. उद्या सकाळी परीक्षा आहे. गेले काही आठवडे कंपनीतून आल्यावर आणि रविवारी मी तुझ्या पद्धतीने बसतेय, टोमॅटो मुलीचा आणि मटकी तुझी. वाजलं की उठते, वाक्य अर्धं असलं तरी उठते, आणि परत आले की ते वाक्य माझी वाट बघत असतं. डोक्यात काहीतरी राहतंय असं वाटतंय. पास होईन की नाही, माहीत नाही. नाही झाले तर मॅनेजरला काय म्हणायचं ते मी ठरवलंय, पण त्याला कडधान्याचं कळेल असं वाटत नाही.

मुलगी आता डोकावून गेली. "आई, ब्रेक आहे ना? मग काय लिहितेयस? हे चीटिंग आहे हं," म्हणाली. तिचं बरोबर आहे. हे सगळं मी सुट्ट्यांमध्ये लिहिलंय, रोज थोडं थोडं. बाल्कनीत जाऊन बघितलं गं मी. खाली आळंदी रोडची वाहनं बघत उभी राहिले, फोन आत ठेवून, अगदी तू सांगायचीस तशी. एकदाही जमलं नाही. हातांचं काय करायचं ते मलाही कळेना, म्हणून तुला लिहीत बसले.