मीठ मागे राहतं

ब्रॉनी,

“पाणी उडतं रे पोरा, मीठ कुठं उडतंय? भर घालायची ती गोड्या पाण्याचीच!” पोवळ्यांच्या टाकीपाशी उकिडवे बसून आपले बाबा हे सांगायचे, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आज सकाळी पाण्यातलं मीठ मोजलं आणि चढलेला काटा बघताच तो आवाज थेट कानाशी आला.

दुकानातून गाळलेलं गोडं पाणी आणायला चाललोय. तोवर टाकीत काही घालू नकोस. मीठ हळूहळूच उतरवायला हवं, नाहीतर उरलेली पोवळीही जातील. तुझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी लावलेलं मोठं पोवळं पांढरं पडलंय. ते उपटू नकोस. बुडाशी अजून बोटभर तपकिरी रंग आहे, म्हणजे तेवढा जीव आहे.

काल मी म्हणालो, “तुझ्या नव्या दिव्यानं भाजली बिचारी, शास्त्रीणबाई!” तू दिवा काढून खोक्यात भरलास. तो परत लाव. दिव्याचा काही दोष नाही.

तू तीन आठवडे टाऊन्सव्हिलच्या इस्पितळात बाबांच्या उशाशी होतीस आणि मी फोनवर सांगायचो, “टाकी सोडून कसा येऊ?” टाकीला माझी गरज नव्हती, ब्रॉनी. बाबांना तसं पडलेलं बघायची माझी छाती नव्हती. म्हणून रोज बादली घेऊन धक्क्यावर जायचो आणि समुद्राचं पाणी आणून टाकीत ओतायचो.

कीरन