टर्नटेबलसोबत आलेली पुडी

१८ जून २०१७, धामणगाव बढे
पुण्याच्या दुकानातून टर्नटेबल आलं. एंट्री-लेव्हल, पण नवंकोरं. बायको मुबीनाच्या अब्बांची कव्वाली, जगात एकच रेकॉर्ड उरलेली. मेहुणा आसिम ती खटारा प्लेअरवर वाजवतो आणि वर मला संगीत शिकवतो. आज उचलूनच आणली. आठ दिवसांत असा साउंड काढतो की त्याची बोलती बंद.

खोक्यात एक पुडीपण निघाली. कंपन्या काहीही भरतात. बीटी कपाशीच्या पाकिटातही साध्या बियाण्याची पुडी येते, शेताच्या कडेने पेरायची म्हणे, अळी बीटीला सरावू नये म्हणून. मी माझ्या बी-बियाण्याच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, फेका. आज भाऊरावलाही सांगितलं. त्याची पुडी, माझी पुडी, दोन्ही काउंटरखालच्या खोक्यात. माहितीपत्रक वाचत बसायला मी काय अडाणी आहे?

१९ जून
आवाज फाटका. सुईची दांडी रेकॉर्डवर धपकन पडते, म्हणजे मशीन दमदार. दोष सुईचा. पुण्याच्या दुकानदाराने फोनवरच भारीतली सुई सुचवली. जाणकार माणूस.

२ जुलै
नवी सुई लावली. वाकली. मुबीना म्हणते, अब्बांचा आवाज बारीक होत चाललाय, रेकॉर्ड आसिमला देऊन टाका. शेवटी भावाचीच बाजू घेणार. स्पीकर मागवले.

२१ ऑगस्ट
आता फाटका आवाज घरभर. हादरे बसू नयेत म्हणून टर्नटेबल खताच्या पोत्यांवर ठेवलं. रोज चार वेळा टेस्टिंग. मुबीना उठून आत गेली. कानच नाहीत तिला.

९ नोव्हेंबर
सकाळी भाऊराव टपकला. बोंड फोडून गुलाबी अळी नाकासमोर धरली. "तीन फवारे मारले, निजामभाई. तुह्याच दुकानातले." म्हटलं, तुम्हाला फवारणीच येत नाही, याहून भारी औषध न्या. "औषधावर औषध, अन् अळी तशीच!" कटकट्या माणूस. संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर मागवला.

२४ नोव्हेंबर
पंचनाम्याचे साहेब आलेत. भाऊरावला त्याची पुडी हवी. "साहेबाले दाखोतो, फेकाले कोनं सांगतलं थे." मी हाकललं. त्याने काउंटरखालचं खोकं ओढून पालथंच केलं. पुड्यांच्या ढिगात माझी पुडी फुटली, आतून एक काळं, गोल वजन घरंगळलं. "हे कोनतं बियानं व्हय, निजामभाई?"

पुण्याला फोन लावला. म्हणे, अहो, ते दांडीच्या मागे लावायचं! नाहीतर सगळा भार सुईवर येतो, रेकॉर्ड खरवडून निघते. पाच महिने हा मला सुया विकत होता. हरामखोर. भाऊराव तिथेच उभा राहून सगळं ऐकत होता. हसला नाही. आपली पुडी खिशात घालून साहेबांकडे गेला.

संध्याकाळी ७
वजन लावलं. दांडी अलगद टेकली. साउंड एकदम क्लीन. इतकी स्वच्छ खरखर आजवर ऐकली नव्हती. अब्बांचा आवाज मात्र कुठेच लागला नाही.

मुबीना पूर्ण बाजू संपेपर्यंत बसून होती. भांडली असती तर बरं झालं असतं. मशीन चांगलं आहे म्हणाली, आता यावर वाजवणार काय?

पुण्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.