डाव्या गाठीची शेपटी

सोमवार, ४ मे

आणलं शेवटी! बेलर म्हणे, गवताचे गठ्ठे बांधायचं मशीन. ट्रॅक्टरच्या मागं लंगडत अंगणात आलं आणि आमच्या पोराचं तोंड असं, जसं काही वरात घेऊन आला. रंग एकेकाळी लाल असावा. आता गंज कुठं संपतो आणि रंग कुठं सुरू होतो ते चष्मा लावून शोधावं लागतं.

विकणारा स्वतः सोडायला आला — टेकडीवाला. वर एकटाच राहतो म्हणून सगळे तसंच म्हणतात. ह्यांच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो. हे गेले तेव्हा येऊन गेला, त्यानंतर इकडे फिरकला नाही. आणि आता एकदम मशीन घेऊन! मी तोंडावर विचारलं, "चांगलं चालतं तर विकता कशाला?" तर नुसता हसला. म्हणे, "वहिनी, आता गरज उरली नाही."

गरज उरली नाही. हे काय उत्तर झालं?

पोरगा उत्साहानं समजावत होता. पुढचे दाते कापलेलं गवत उचलतात, आत दट्ट्या ठोसे मारून दाबतो, सुया दोरी ओवतात, आणि लोखंडाच्या दोन चोची दोन गाठी मारतात. मागून चौकोनी गठ्ठा बाहेर. टेकडीवाला मधेच हळूच म्हणाला, "डावी चोच जरा शेपटी लांब ठेवते. गाठ धरते पण." बघितलं तर खरंच — उजवी गाठ नीटस, डावीच्या मागं वीतभर दोरी लोंबते, उंदराच्या शेपटीसारखी. व्यवहार झाल्यावर सांगतोय! आणखी काय काय सांगायचं राहिलंय देव जाणे.

मशीनच्या पेटीत त्याची तपकिरी सुतळी उरली होती, ती तेवढी काढून घेऊन गेला. बघा म्हणजे! पोरानं निळी प्लास्टिकची दोरी आणली, स्वस्त मिळते म्हणून. मी म्हटलं, गाईच्या पोटात गेली तर? "आई, कापून टाकू ना." टाकशील. तुझ्या हातून चहाचा कप उचलला जात नाही जागचा.

बुधवार, ६ मे

रात्रभर अंगणात तेल गळलं. जिथं बसतं तिथं घाण करतं. घरात आधीच दोघं आहेत तसली.

बुधवार, १३ मे

टेकडीवाला परत आला. तेलाची बुदली, पाने, चिंध्या सगळं बरोबर. बोलवलं कुणी? कुणीच नाही. "जरा बघून जातो," म्हणे. विकलेली वस्तू बघायला माणूस का येतो? एक तर तिच्यात काही खोट असते, नाहीतर घरात काही बघायचं असतं.

मी पायरीवर शेंगा सोलत बसले. शेंगा निमित्ताला. त्यानं जाड चाकाजवळचा एक बोल्ट काढून पोराला दाखवला. "हा मऊ असतो. आत दगड, ओंडका काही अडकलं की हाच तुटतो, बाकी मशीन वाचतं. इथं कडक बोल्ट घालायचा नाही कधी." मी म्हटलं, म्हणजे तुटणारच आहे हे माहीत असून घालायचं? "तुटायलाच असतो वहिनी तो." असला धंदा पहिल्यांदाच ऐकला!

जाताना शेडकडे बराच वेळ बघत उभा होता. आमच्या गवताच्या शेडकडे. रिकामी आहे आत्ता, पण माप घेतल्यासारखं बघत होता.

गुरुवार, २१ मे

गवत कापून शेतात पडलंय. छान वास. मला उद्या लेकीकडे जावं लागतंय, तिचा पाय मोडलाय. शिडीवर चढली होती. कशाला, तर जळमटं काढायला! जळमटं होती तिथंच आहेत, ही प्लॅस्टरमध्ये.

निघायच्या आधी पोराला चार वेळा बजावलं. गवत मुठीत पिळून बघ. काडी मोडताना कट्ट वाजली पाहिजे. वाजली नाही तर त्या दिवशी बांधायचं नाही, ढग आले तरी नाही. ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं, सडतं, कधीकधी पेटतंसुद्धा. "हो आई, हो आई, हो आई." तीन वेळा हो म्हणाला. त्याच्या बापाचीही हीच खोड होती. एकदा हो म्हणाले तर करायचे. तीनदा म्हणाले तर नाही.

वर हेही बोलला की यंदा गवत पुरलं नाही तर एक-दोन गाई काढाव्या लागतील आणि आधी बोडकी जाईल, म्हातारी झाली. मी म्हटलं, म्हातारी म्हणून काढायची असेल तर आधी माझी किंमत करून ये. बोडकी लाथ मारते, शेपटीनं थोबाडीत मारते, दूध देते उपकार केल्यासारखं. पण घरची आहे.

मंगळवार, २ जून

परत आले. शेड भरलेली! मागच्या भिंतीतली उंच खिडकी पार झाकली गेलीय, आत अंधार. निळ्या दोऱ्यांचे गठ्ठे ओळीनं. दिसायला सुरेख, खोटं का बोलू. इतक्या लवकर कसं झालं विचारलं. "ऊन चांगलं होतं," पोरगा म्हणाला. माझ्याकडे न बघता. सूनबाई ताट वाढताना म्हणाली, "आई, ताईंचा पाय कसा आहे?" तिसऱ्यांदा विचारलं तिनं. आल्या आल्या दोनदा सांगून झालं होतं.

काहीतरी आहे.

शुक्रवार, ५ जून

शेडमध्ये करपलेल्या साखरेसारखा वास येतो. पोरगा म्हणतो, नव्या गवताचा. माझा जन्म गवतात गेला! हात घालून बघते म्हटलं तर, "नको आई, साप दिसलाय." दाराला कुलूप घातलं. सापाला कुलूप!

गुरुवार, ११ जून

कुलूप तसंच आहे, पण शेडच्या मागं जाऊन बघितलं. खिडकीतून पलीकडचा उजेड आरपार दिसतो. म्हणजे गठ्ठे कमी झाले. आणि गुरं तर महिनाभर कुरणात आहेत, शेडमधल्या गवताला तोंड लावत नाहीत. मग खातंय कोण?

जेवताना सरळ विचारलं. सूनबाई पाणी आणायला गेली — तांब्या भरलेला समोर होता. मग पोरगा म्हणाला, "दबतं ग आई गवत. बसतं खाली." दोन हात बसतं?

रविवार, १४ जून

सकाळी फाटकातून टेकडीवाल्याची ट्रॉली बाहेर पडताना बघितली. ताडपत्री टाकलेली. मला बघून मान हलवली आणि निघून गेला, थांबला नाही. एरवी वहिनी वहिनी करत पायरीशी येतो.

पोराला विचारलं, का आला होता? "मशीनला तेल द्यायला." ट्रॉली भरून तेल?

आता कळलं शेडचं माप कशाला घेत होता. आमचा भोळानाथ चावी देत असेल विश्वासानं आणि तो नेतोय गठ्ठे. मशीन विकलं आणि आता मशीननं बांधलेलंही परत घेतोय!

सोमवार, १५ जून

खिडकी परत झाकली!!

मागून बघितलं, पुढून दाराच्या फटीतून बघितलं. गठ्ठे वरपर्यंत. पोरगा म्हणतो, "आई, डोळे तपासून घेऊ तुझे." माझे डोळे! सुईत दोरा अजून मी ओवते, त्याची बायको माझ्याकडे घेऊन येते. मला वेडी ठरवायला निघालेत. नाहीतर पुढून चार गठ्ठे उचलून खिडकीत लावलेत, मला दाखवायला.

ओढ्याकडे गेले होते भाजी खुडायला. तिथं नवा ढीग आहे, वर माती ओढलेली. शेणखत म्हणे. गुरं कुरणात शेण टाकतात आणि खत ओढ्याकाठी? पण ते नंतर. आधी चोर.

बुधवार, १७ जून

टेकडी चढले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, मी त्यांना दिल्या.

टेकडीवाला घरात नव्हता. गोठा बघितला — स्वच्छ झाडलेला, दावणी रिकाम्या, एक गाय नाही. शेजारी गवताची खोली, निम्मी भरलेली. ज्याच्याकडे एक जनावर नाही त्याला गवत कशाला? आत गेले, गठ्ठ्याला हात लावला. आणि सापडलं! उजवी गाठ नीटस, डावीला वीतभर शेपटी. आमचं मशीन. आंधळीनं ओळखावी अशी गाठ.

मागून आला. मी सोडला नाही. म्हटलं, "मेलेल्या मित्राच्या घरचं गवत नेताना हात कसा धजला?" आणखीही बोलले. ते इथं लिहीत नाही.

ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "वहिनी, दोरी बघा ना."

तपकिरी सुतळी. आमची निळी.

"मागच्या वर्षीचं आहे. मशीन तेव्हा माझंच होतं, गाठ पण माझीच. गुरं काढली, गवत राहिलं. मी एकट्यानं किती गुरं सांभाळायची." एवढंच. रागावलाही नाही. पाणी विचारलं. मी प्यायले नाही.

तोंडावर पडले. उतरताना गुडघे काही बोलले नाहीत, तेवढी तरी माणुसकी दाखवली त्यांनी.

गुरुवार, १८ जून

पोराला कळलं. इतका चिडलेला कधी बघितला नाही. "आई, तू त्या माणसाला चोर म्हणालीस? त्याला?" पुढं काही बोलणार होता. सूनबाईनं डोळे मोठे केले तसा गिळला त्यानं शब्द. मी म्हटलं, बोल की. "काही नाही," म्हणाला आणि अंगणात जाऊन मशीनला लाथ मारली. मशीनचं काय चुकलं?

त्यानं सुतळी दाखवली म्हणून तो सुटला. खिडकी उघडी का पडली आणि झाकली कशी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही मला.

मंगळवार, २३ जून

दुसरी कापणी शेतात पडलीय. काडी कट्ट वाजते. आज बांधायलाच हवी, आणि डावी गाठ सुटतेय! गठ्ठा बाहेर पडतो आणि धाडकन फुटतो, गवत परत जमिनीवर. पोरानं दुपारभर चोचीशी झटापट केली, बोट कापून घेतलं. टेकडीवाल्याला लावता येते ती. पण बोलावणार कोण? पोरगा म्हणतो, "कुठल्या तोंडानं बोलवू?" माझ्याकडे बघून म्हणाला.

संध्याकाळकडे ढग आलेत.

बुधवार, २४ जून

सगळे शेतात हातानं गवत गोळा करताहेत. शेडची चावी खुंटीवर विसरले.

पुढची ओळ निळी आहे, नुसता पडदा. तिच्यामागं हात घातला. दोरी खरखरीत लागली. एकेक ओढून बघितले, थेट खिडकीपर्यंत — सगळी तपकिरी सुतळी. मागच्या वर्षीचं गवत, कोरडं ठणठणीत, बोडकीला उन्हाळ्यापर्यंत पुरेल इतकं.

मग ओढ्याकाठचा ढीग उकरला. आत काळं, सडकं, अजून कोमट. निळ्या दोरीचं.

ट्रॉली भरून येत होती. मी ती रिकामी परत जाताना बघितली.

पोराचं नंतर बघते. चपला घातल्यात, टेकडी चढायची आहे. काय बोलायचं ते वाटेत सुचेल. नाहीच सुचलं तर डावी गाठ सुटतेय एवढं सांगीन, आणि या वेळी पाणी पिईन.