समदं जातं कुठं?

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, ता. ५ ऑगस्ट १९८५

चि. सौ. सिंधूस तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

धोंड्याचं जेवण जेवून तुम्ही सगळे विंचूरला सुखरूप पोचलात ना? जावईबापूंची सर्दी कशी आहे? तुझी मळमळ कमी झाली का? सकाळी उठल्याबरोबर कोरडी भाकरी चावून खात जा. इकडे पाऊस लागून राहिलाय. म्हैस बरी आहे. बाळासाठी माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतलीय, तुझ्या आप्पांनी त्यांची फाटकी धोतरंसुद्धा आत घालायला लावली. माणसाला काही म्हणून टाकवत नाही बघ.

हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. तुझे सासरे आलेलं टपाल ओसरीवर मोठ्यानं वाचतात, मला ठाऊक आहे. गोटीराम टेम्पो घेऊन तिकडे कांदा भरायला निघालाय, त्याला बजावून सांगितलंय, सिंधूच्याच हातात दे. वाचलंस की चुलीत घाल.

आता तू म्हणशील, असं काय आहे? सांगते. जरा दम धर.

आपल्या आप्पांचं वेड तुला माहीत आहे. भांड्यांचं पाणी अळूला, राख भांड्यांना, भाजीची देठं म्हशीला. त्यांचा गोबरगॅस तू पाहिलास. धूर नाही, फुंकणी नाही, माझा खोकला गेला, सगळं खरं. मागचा नवा संडासही पाहिलास. पण त्या दोन्हींच्या मधे जमिनीखालून एक नळी आहे. संडासातलं सगळं शेणाच्या टाकीत जातं. त्याचाच गॅस होतो. आणि त्याच शेगडीवर तुमचे धोंडे झाले.

लिहिलं बाई एकदाचं. ओकू नकोस गं, पोटातल्या जिवाची शपथ आहे.

मलाही आधी घास उतरत नव्हता. आठवडाभर मी चुलीवर वेगळी भाकरी थापली. तुझे आप्पा भडकले. म्हणाले, "त्याच टाकीतलं खत घालून वांगी येत्यात, ती कशी मिटक्या मारत खाती? जाळाला कसला आलाय विटाळ?" एका म्हशीच्या शेणावर जेमतेम चहापुरता जाळ व्हायचा, आता दोन वेळचा स्वयंपाक होतो. मी म्हटलं, नळी तोडा. तर दुसरा खड्डा खणायला जागा कुठे? एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला विहीर.

संडासच नको म्हणावं, तर तेही माझ्यानं म्हणवत नाही. मागच्या थंडीत चांगुणा दिवेलागणीला चिंचेमागे गेली होती. दोन मोटरसायकलवाले तिच्यावर उजेड पाडून उभेच राहिले, हसत. पोर धावत घरी आली, पायात एकच चप्पल. तेव्हापासून तुझी बहीण रात्रीचं जेवेना, पाणी पिईना. का, तर अंधारात जायला लागू नये म्हणून. तुझ्या आप्पांनी पहार घेतली ती त्या पायी. आता पोर पोटभर जेवते.

तुम्ही येणार म्हणून मी चूल सारवून ठेवली होती. ठरवलंच होतं, पाहुण्यांचं सगळं चुलीवर. पण सरपण ओलं. जावईबापू पाटावर बसले आणि पुरण कच्चं! काय करू? दार लोटून गॅस पेटवला. विहीणबाई स्वतःहून तुमच्याबरोबर आलेल्या, त्यांनी तर दोन धोंडे मागून घेतले. ताटात वाढताना तुपाची धार मी पाटावरच धरली. तू विचारलंस, "आई, ताप आहे का?"

मग दुपारी विहीणबाईंचे गुडघे धरले. पावसात शेतात कुठे जाणार? मी त्यांना मागे नेलं. आतून कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, पाय धुतले, टाकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, हे समदं जातं कुठं?"

मी म्हटलं, "लांब, ओढ्याकडं."

त्या तिथेच उभं राहून चहा प्याल्या. तोही गॅसवरचाच.

काल सरुबाई आली होती. ती तुझ्या सासूची मावसबहीण, आणि आप्पांनी नळी पुरली तेव्हा ती बांधावर उभी होती. तेव्हापासून आपल्याकडे पाणीसुद्धा घेत नाही. दारातूनच म्हणाली, "शनिवारी इंचूरला जाते. यशोदाला इचारते, धोंडे गोड लागले का." आणि हसली मेली.

सिंधू, त्या वेळेपासून माझं कशात चित्त नाही. तुझ्या थोरल्या जावेला तुझ्या सासूनं चार महिने माहेरी बसवलं होतं. का, तर तिच्या आईनं उरलेल्या पुरणपोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून बांधून दिल्या. शिळ्या पोळीपायी चार महिने! मग ह्यापायी किती? आणि तू अशी दोन जिवांची.

आप्पा म्हणतात, गप्प बस, निभेल. नाही निभायचं. सरुच्या तोंडून कळलं तर मी विहिणीला फसवून खायला घातलं असंच होईल, आणि ते खोटं तरी कुठे आहे? म्हणून मी गुरुवारच्या सकाळच्या एसटीनं येतेय. त्यांनी मला जे विचारलं, त्याचं खरं उत्तर मीच देणार.

भीती वाटते गं. अक्षर बघ कसं झालंय. मला ओसरीवरूनच परत लावलं तर तू मधे पडू नकोस, एक शब्द बोलू नकोस. पण तुलाच माझ्याबरोबर घालवलं, तर रडत बसू नकोस, पिशवी उचल. बाळंतपण इथे करू. इथे तुला अंधारात चिंचेमागे जावं लागणार नाही. दाराला आतून कडी आहे, तुझ्या सासूनंही ती लावलीच होती की.

गुरुवारी मी दिसले की धावत येऊ नकोस. आधी त्यांच्याशी बोलू दे.

तुझी,
भ्यायलेली, पण निघालेली
आई